जोर्व्याचा घट आणि रेणूंची वीट

दिवाळीच्या सुटीत मुलांनी अंगणात किल्ला बांधावयास घेतला की घरातल्या वडीलमंडळींच्या दोन तक्रारी ठरलेल्या. एक, तुळशीवृंदावनामागची चांगली माती उकरून नेली. आणि दुसरी, बंबाखाली लावलेल्या विटा नाहीशा झाल्या. त्याच अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मुली रांगोळीचे ठिपके टाकीत बसलेल्या असतात. एकीकडे आरडाओरडा, दुसरीकडे मुकाट्याने चाललेली मोजदाद. पण दोन्हीकडे शिकावयाचा धडा एकच. गोल गोटे एकावर एक रचून बुरूज उभा राहत नाही. चौकोनी वीट घेतली तर राहतो. ठिपके एकाखाली एक टाकले तर रांगोळीची घरे चौकोनी होतात. एका ओळीचे ठिपके वरच्या ओळीच्या ठिपक्यांच्या मधोमध टाकले तर तीच घरे षट्‌कोनी होऊ लागतात. शेवटी काय उठणार हे पुष्कळसे आरंभीच ठरून गेलेले असते.

पुढे सांगावयाची हकीकत याच धड्याची आहे. तिच्यातली वीट मात्र डोळ्यांना दिसणारी नाही. ती वीट म्हणजे एक रेणू, आणि एका मिलिमीटरच्या लांबीत तशा सुमारे दहा लाख विटा ओळीने मावतील. अशा विटा एकमेकींना पक्क्या सांधून जी जाळीदार वस्तू तयार होते तिला रसायनशास्त्रज्ञ ‘कोव्हॅलंट ऑरगॅनिक फ्रेमवर्क’ असे लांबलचक नाव देतात. आपण तिला ‘रेणूंची जाळी’ म्हणू. ही जाळी प्रथम अमेरिकेत विणली गेली, ती २००५ साली. परंतु ती पाण्यात विरघळून न जाता टिकावी म्हणून जे प्रयत्न झाले त्यांतला एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्या पुण्यातला आहे. आणि त्या प्रयत्नाची ओळख करून घेताना मला वारंवार आठवत राहिला तो माझा जिल्हा. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. असे का व्हावे, ते ओघाने येईलच.

* * *

संगमनेरहून प्रवरेच्या काठाने पूर्वेकडे थोडे गेले की जोर्वे हे गाव लागते. १९५०–५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी तेथील पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले. वर आली ती खापरे. पण काय खापरे! तांबूस अंगाची, त्यांवर काळ्या रेघांनी काढलेले त्रिकोण, चौकटी, तिरक्या जाळ्या. अंगाने पातळ, आणि इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा नाद निघावा. तोटी असलेली भांडी हे तर त्यांचे ओळखचिन्हच. पुढे नेवाशाला, दायमाबादला, पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला तशीच भांडी मिळाली, आणि सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी लोकांच्या संस्कृतीला जोर्व्याचेच नाव पडले.

त्या कुंभाराने काय केले होते, याचा क्षणभर विचार करा. त्याने माती चाळली, पाणी घालून तुडविली, चाकावर चढविली. घट ओला होता तोवर त्याची प्रत्येक चूक दुरुस्त होण्याजोगी होती. कडा वाकडी झाली तर ओल्या बोटाने सरळ करता येई. अगदीच बिघडला तर गोळा करून पुन्हा चाकावर टाकता येई. मग तो आव्यात गेला. तेथून बाहेर आला तो निराळाच पदार्थ होऊन. आता त्याची चूक दुरुस्त होणार नव्हती. पण आता तो पाण्यालाही भिणार नव्हता. आधी चुकीला सवड, मग न बदलणारा निश्चय, हा कुंभाराचा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. आपली सगळी गोष्ट याच क्रमावर उभी आहे.

मौज अशी की, ज्या वर्षी डेक्कन कॉलेजची मंडळी जोर्व्याच्या टेकाडाकडे वळली त्याच १९५० सालच्या ३ जानेवारीला पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. उद्घाटक होते पंडित नेहरू. याच नेहरूंना १९४२ च्या ऑगस्टमध्ये पकडून नगरच्या किल्ल्यात ठेवले होते, आणि तेथेच १९४४ साली त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. त्या किल्ल्यात त्यांच्याबरोबर असलेल्या बंदिवानांत प्रफुल्लचंद्र घोष हे एक रसायनशास्त्रज्ञही होते. स्वतंत्र भारताला विज्ञानाची मंदिरे हवीत हे स्वप्न ज्यांनी पाहिले त्यांच्या आयुष्याचा एक मोठा तुकडा आमच्या नगरच्या तटाआड गेला, एवढीच गोष्ट येथे नोंदवावयाची.

या प्रयोगशाळेचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे मूळचे कॅनडाचे. सच्छिद्र पदार्थ वायू आणि बाष्पे कशी धरून ठेवतात, हा त्यांच्या जन्माच्या अभ्यासाचा विषय. १९३२ साली त्यांनी अशा पदार्थांना एक फार समर्पक नाव दिले होते: ‘मॉलिक्युलर सीव्ह’, म्हणजे रेणूंची चाळण. लहान रेणू भोकातून आत जातात, मोठे बाहेर राहतात. गृहिणीच्या चाळणीत रवा खाली पडतो आणि भुसा वर राहतो तसेच. ज्या गृहस्थाने जगाला हा शब्द दिला तोच पुण्याच्या प्रयोगशाळेचा पहिला कारभारी व्हावा, आणि साठ वर्षांनी त्याच आवारात नव्या तऱ्हेची चाळण घडावी, हा इतिहासातला एक सुंदर योगायोग आहे.

* * *

मॅकबेन यांच्या डोळ्यांपुढे होती ती निसर्गाची चाळण. झिओलाइट नावाचे खनिज. हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोन्स्टेट याने दिले. असला एक खडा तापविला असता तो वाफ सोडून उकळल्यासारखा दिसू लागला, म्हणून त्याने त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव ठेवले. दगडाच्या अंगातच अतिसूक्ष्म, सारख्या मापाची भोके असतात आणि त्यांत पाणी बसलेले असते.

हा दगड आपल्याला परका नाही. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून जे पांढरे, मोतिया, गुलाबी चमकदार स्फटिक सापडतात त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे नाना जातींचे झिओलाइट असतात. पुणे, नाशिक आणि नगर या जिल्ह्यांतल्या खाणींचे असले नमुने जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. मी मात्र तो प्रथम पाहिला तो संग्रहालयात नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आमची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात असे. आम्ही पोरे सुकडीच्या आशेने तिच्यामागे. एके दिवशी तिच्या हातोड्याखाली एक धोंडा दुभंगला आणि आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांचा एक झुपका दिसला. आईने तो पदरात बांधून घरी आणला आणि देवळीत ठेवला. गावाची विहीर तळाला गेलेली, टँकरपुढे घागरींची रांग लागलेली, आणि आमच्या देवळीतल्या त्या खड्याच्या पोटात पाणी आहे, हे मला कळावयास पुढे कॉलेजात जावे लागले.

झिओलाइट गुणी खरा; पण त्याच्या भोकांचे माप निसर्गाने ठरवून टाकलेले. प्रयोगशाळेत नवे झिओलाइट घडविता येतात, आणि पुण्यात डॉ. पॉल रत्नसामी यांच्यासारख्यांनी त्या विद्येत मोठे काम केले. ‘एन्सिलाइट’ हे प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेले उत्प्रेरक त्याच कामाचे फळ. तरीही मनात येईल त्या मापाचे भोक, मनात येईल त्या आकाराची जाळी, हे झिओलाइटमध्ये सहज साधत नाही. त्यासाठी कार्बनाकडे वळावे लागते. कार्बनाचे अणू शेजाऱ्याशी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेऊन फार घट्ट सांधा करतात. त्यालाच सहसंयुज बंध म्हणतात. आणि कार्बनाचे रेणू हवे तसे घडविण्याची कला रसायनशास्त्रज्ञांना दीडशे वर्षांपासून अवगत आहे.

मग अडचण कोठे होती? अडचण खडीत होती. १९०७ साली लिओ बेकलंड याने बेकेलाइट तयार केले तेव्हापासून रेणूला रेणू सांधून प्रचंड जाळी करणे माणसाला येत होते. पण ती जाळी म्हणजे खडीचा ढीग. सांधे घट्ट; परंतु रेणू जेथे सापडेल तेथे, जसा वळेल तसा चिकटलेला. ढिगातही फटी असतात, पण कोणतीही फट दुसरीसारखी नाही. उलट मिठाचा खडा पाहा. त्याचे कण कसे कवायतीत उभे! कारण बनत असता तेथे चुकून बसलेला कण पुन्हा पाण्यात जातो आणि योग्य जागी येऊन बसतो. पण म्हणूनच मीठ पाण्यात विरघळते. तेव्हा पुष्कळांची समजूत अशी झाली होती की, घट्ट सांधा हवा असेल तर शिस्त मिळणार नाही, आणि शिस्त हवी असेल तर सांधा सैल ठेवावा लागेल.

* * *

ही समजूत २००५ च्या नोव्हेंबरात मोडली. मिशिगन विद्यापीठातले ओमर यागी, ॲड्रियन कोते आणि त्यांचे सहकारी यांनी दोन जाळ्यांची हकीकत ‘सायन्स’ या पत्रात प्रसिद्ध केली. युक्ती अशी. बोरॉन असलेले दोन रेणू जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आणि ते पाणी तेथेच राहू दिले तर तेच पाणी सांधा पुन्हा उघडूही शकते. त्यांनी द्रव्ये काचेच्या नळीत घालून नळी बंद केली आणि तीन दिवस तापत ठेवली. पाणी बाहेर जाऊ शकले नाही. सांधे जुळत होते, उघडत होते, पुन्हा जुळत होते. चुकीची वीट निघत होती, बरोबर बसलेली टिकत होती. तीन दिवसांनी नळीत जी भुकटी उरली तिच्यावर क्षकिरण टाकले तेव्हा ती कवायतीत उभी असलेली दिसली.

विटेच्या आकाराचे महत्त्व येथे लागते. रांगोळीचेच उदाहरण घेऊ. एका ठिपक्यातून सारख्या कोनांनी तीन रेघा निघाल्या आणि त्या सरळ काडीने दुसऱ्या तशाच ठिपक्याला जोडल्या, तर सहा ठिपक्यांचे षट्‌कोनी घर होते आणि सगळ्या अंगणात मधमाशीचे पोळे पसरते. ठिपक्यातून काटकोनात चार रेघा निघाल्या तर चौकोनी घरे. सहा निघाल्या तर त्रिकोणी. रेणूंचेही तसेच. तीन हातांचा रेणू आणि दोन हातांचा सरळ रेणू एकत्र आले की षट्‌कोनी जाळी; आपल्या रक्तातल्या हीमच्या जातीचा पॉर्फिरिन नावाचा चार हातांचा रेणू घेतला की चौकोनी. अशा सपाट जाळ्या पोळ्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक बसतात, भोकावर भोक येते, आणि लांबच लांब नळ्या तयार होतात. चार हात चार निरनिराळ्या दिशांना, चौफलकाच्या कोपऱ्यांकडे वळलेले असले तर जाळी सपाट न राहता तिन्ही मितींत वाढते. तशाही जाळ्या २००७ साली झाल्या.

आकाराखेरीज आणखी गोष्टी आहेत. हात ताठ हवा. लवचीक हाताचा रेणू घेतला तर कोन राखला जात नाही, आणि ओल्या कामट्यांचे मखर बसावे तशी जाळी बसते. हात सपाट असले तर थर नीट बसतात. एखादा फाटा आडवा आला तर थर एकमेकांपासून दुरावतात. हात लांब केला तर भोक मोठे होते. एका षट्‌कोनी कड्याऐवजी दोन कड्यांचा हात लावला की भोकाचा व्यास वाढतो. पण हाव फार करून चालत नाही. त्रिमिती जाळीत भोक फार मोठे झाले की निसर्ग ते मोकळे ठेवीत नाही. त्याच पोकळीत दुसरी जाळी वाढू लागते. २००९ साली केलेल्या एका जाळीत तर पाच जाळ्या एकमेकींत गुंतलेल्या निघाल्या. लांबरुंद वाडा बांधावा आणि त्यात पाच बिऱ्हाडे येऊन बसावीत, त्यातलाच हा प्रकार.

* * *

परंतु यागींच्या त्या पहिल्या जाळ्यांना एक मोठे व्यंग होते. जे पाणी सांधा जुळताना मदतीला आले, तेच पुढे वैरी झाले. हवेतल्या दमटपणानेसुद्धा बोरॉनचे सांधे उघडू लागत आणि सुंदर जाळी हळूहळू मोडून जाई. कुंभाराच्या भाषेत सांगावयाचे तर घट अप्रतिम घडला होता, पण तो कच्चा होता. त्यात पाणी भरता येत नव्हते. पाणी शोषणे, पाणी गाळणे, हवा शुद्ध करणे, या सगळ्या मनोराज्यांत दमट हवा तर येणारच. मग अशी जाळी काय कामाची?

हा घट भाजण्याचे काम पुण्यात झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांचा गट या जाळ्यांवर काम करीत होता. बॅनर्जी हे स्वतः पूर्वी यागींच्या हाताखाली काम करून आलेले. २०१२ साली शरत कंडंबेत, बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी, ब्रेमेनच्या थॉमस हाइने यांच्या साथीने, अमेरिकेन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातली सगळी करामत एका विटेत आहे.

ती वीट अशी. मध्ये कार्बनाचे षट्‌कोनी कडे. त्याच्या एकाआड एक अशा तीन कोपऱ्यांवर आल्डिहाइडचे तीन हात. आणि मधल्या तीन कोपऱ्यांवर, प्रत्येक हाताच्या कुशीत, ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी. आल्डिहाइड आणि अमाइन यांचा सांधा १८६४ साली ह्यूगो शिफ याने दाखवून दिलेला; तो पाणी टाकून जुळतो आणि पाणी घेऊन उघडतो. म्हणजे पहिली पायरी ओल्या मातीची. चुका येथे दुरुस्त होतात. पण सांधा जुळला की शेजारी बसलेला तो हायड्रोजन स्वस्थ राहत नाही. तो ऑक्सिजनला सोडून पलीकडच्या नायट्रोजनवर जाऊन बसतो, आणि त्याबरोबर भोवतालच्या बंधांची मांडणी बदलते. रेणू आपल्या जागेवरून फारसा हलत नाही. रांगोळी पुसली जात नाही. पण सांधा मात्र दुसऱ्याच जातीचा होऊन बसतो. पाण्याने उघडावयाचे जे दार होते तेच नाहीसे होते. ही दुसरी पायरी म्हणजे कुंभाराचा आवा. आणि येथे आवा बाहेर पेटवावा लागत नाही, तो विटेच्या अंगातच ठेवलेला आहे.

त्यांनी ती जाळी उकळत्या पाण्यात ठेवली, टिकली. नऊ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या तीव्र आम्लाच्या जवळजवळ पाऊणपट तिखट द्रावात ठेवली; टिकली. तीव्र अल्कलीपुढे मात्र ती पहिली जाळी काहीशी कमी पडली. तेव्हा त्यांनी दुसरी वीट किंचित बदलली. अमाइनच्या कड्यावर मिथिलचे दोन लहान फाटे बसविले. फाटे सांध्याच्या आडोशाला आले, आणि ही नवी जाळी नऊ नॉर्मल कॉस्टिक सोड्यातही उभी राहिली. पुढच्याच वर्षी पॉर्फिरिनच्या चौकोनी जाळीवरही त्यांनी हेच पारखून पाहिले. विटेत ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सांध्याच्या शेजारी ठेवली तर जाळी सुबक आणि टिकाऊ होते. त्या जोडीतला हायड्रोजन काढून तेथे मिथिल बसविले तर सुबकपणाही घटतो आणि टिकाऊपणाही. दारे, खिडक्या त्याच; फरक एका अणूच्या शेजाराचा.

अर्थात किंमत द्यावी लागतेच. आवा विटेतच असल्यामुळे तो लौकर पेटतो. चुका दुरुस्त व्हावयाच्या आत काही सांधे कायमचे बसतात, आणि या जाळ्यांची शिस्त बोरॉनच्या जाळ्यांइतकी रेखीव येत नाही. सवड आणि निश्चय यांचा तोल कोठे साधावयाचा, हाच पुढचा प्रश्न ठरला.

* * *

त्याच्या उत्तरासाठी ही मंडळी जी वाट चालली ती पाहून आपल्या आजीबाईंनाही बरे वाटेल. २०१३ साली त्यांनी बंद नळी, तीन दिवसांची आच, द्रावके, सगळे बाजूला ठेवले आणि दोन्ही विटा चक्क खलात घालून घोटल्या. चूल नाही, आच नाही. घोटता घोटता भुकटी आधी पिवळी, मग नारिंगी आणि शेवटी गडद तांबडी झाली, आणि त्या तांबड्या भुकटीत जाळी तयार होती. वैद्याच्या खलात मात्रा उगाळावी तसे हे काम. तिचे थर मात्र घोटण्याने विस्कटत आणि भोके पुरती मोकळी होत नसत.

मग २०१७ साली त्याच गटाचा आणखी एक निबंध आला, आणि त्याचे नाव वाचून मी चकितच झालो. त्यांनी आपल्या कृतीला ‘टेराकोटा’ची पद्धत म्हटले होते, टेराकोटा म्हणजे भाजलेली माती! सुवेंदु कराक, कंडंबेत, बॅनर्जी आणि इतरांच्या या कृतीत अमाइनची वीट मोकळी दिली जात नाही. आधी तिला टोल्युइन-सल्फॉनिक नावाच्या आम्लाशी बांधून तिचे लवण करतात. त्यामुळे ती धावत सुटत नाही. सुताराने फळ्या शिकंज्यात धराव्यात तशी धरलेली राहते आणि आपल्या जागी सावकाश बसते. मग त्यात ती तीन हातांची वीट आणि थोडे पाणी घालून कणकेसारखा गोळा मळावयाचा, हवा तो आकार द्यावयाचा, आणि १७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावयाचा. जेथे तीन दिवस लागत तेथे आता काही सेकंद, फार तर मिनिटभर. शेवटी पाण्याने धुतले की आम्ल निघून जाते आणि जाळी उरते. हाच गोळा दोन मळसूत्रांच्या यंत्रातून, शेवयांच्या साच्यातून पीठ काढावे तसा, सलगही काढता येतो.

माती मळा, आकार द्या, भाजा. प्रवरेकाठचा कुंभार साडेतीन हजार वर्षांपूर्वी याहून निराळे काही करीत नव्हता. पुण्याच्या त्या मंडळींना जोर्वे आठवले असेल की नाही ते ते जाणोत. मला मात्र त्या निबंधातून जोर्व्याच्या खापराचा नाद ऐकू आला.

आणि त्या भाजणीतून निघाले काय? अशा एका ग्रॅम जाळीच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ तीन हजार चौरस मीटरपर्यंत भरते. आपल्या हिशेबाने सुमारे तीस गुंठे, पाऊण एकर! चमचाभर भुकटीत पाऊण एकराहून अधिक जमीन घडी घालून ठेवलेली. त्यांनी या जाळीचे मणी वळले आणि ते पाण्याची वाफ किती शोषतात ते मोजले. ज्या झिओलाइटला आजवर या कामात पहिली पाट दिली जाई त्यालाही या मण्यांनी मागे टाकले. आणि शोषलेले पाणी ते अधिक सहज परत देत, स्वतः न मोडता. आईच्या देवळीतल्या त्या खड्याला मिळालेले हे उत्तर होते.

बॅनर्जी पुढे कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत गेले आणि २०१८ चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. यागी बर्कलीला आहेत. त्यांना, सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉब्सन यांच्यासह, २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांसाठी, म्हणजे आपल्या या जाळीच्या थोरल्या बहिणीसाठी. यागींचे बालपण जॉर्डनमधल्या अम्मान शहरी एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात गेले. एकच खोली, तीही गुराढोरांबरोबर. नळाला पाणी नाही. पुढे वाळवंटाच्या हवेतले पाणी जाळीत पकडण्याच्या मागे ते लागले, यात नवल ते काय? घागरीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला ते सांगावे लागत नाही.

* * *

म्हणून उद्या नगर जिल्ह्यातल्या घराघरावर हवेतून पाणी काढणारी पेटी येऊन बसेल, असे सांगून मी दिवाळीच्या आनंदात खोटी भर घालणार नाही. त्या तीन हातांच्या विटा अजून महाग आहेत, आणि प्रयोगशाळेतल्या ग्रॅमांपासून गावाच्या घागरीपर्यंतचा रस्ता लांब आहे. आमच्याकडे पाणी आले ते दुसऱ्या वाटेने. हिवरे बाजारसारख्या गावांनी डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, पडलेले पाणी धावू न देता जिरविले. त्यातही सूत्र तेच होते म्हणा. पाण्याला जागा करून द्यावयाची, आणि ती जागा आधी विचारपूर्वक आखावयाची.

या सगळ्या हकीकतीतून मला जे मिळाले ते एवढेच. इमारतीचे भवितव्य पुष्कळसे विटेतच लिहिलेले असते. किती हात, कोणत्या दिशेला, किती ताठ, आणि सांध्याच्या शेजारी कोण बसले आहे, एवढे ठरविले की पुढे कोट्यवधी विटा आपल्या आपण जागा शोधतात. कोणी गवंडी उभा राहून त्यांना हाका मारीत नाही. मात्र त्यांना आधी चुकण्याची मोकळीक द्यावी लागते आणि मग वेळेवर पक्केही करावे लागते. मोकळीक दिलीच नाही तर खडीचा ढीग होतो. पक्के केलेच नाही तर पहिल्या पावसात घट विरतो.

आईचा तो खडा अजून आमच्या देवळीत आहे. यंदा नातवाने किल्ला बांधावयास घेतला तेव्हा तो त्याने बालेकिल्ल्यावर ठेवावयास मागितला. मी दिला. बंबाखालच्या विटा गेल्याची तक्रार घरात झालीच. मी आपला इतकेच म्हणालो, “नेऊ दे. फक्त चांगल्या कोनाच्या निवडून ने म्हणावे, आणि बुरूज ढासळला तर रागावू नकोस. माती ओली आहे तोवर पुन्हा बांधता येतो.”